संशोधन शिष्यवृत्तीचा अर्ज : पात्रतेपासून निवडीपर्यंत

पदव्युत्तर संशोधनासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत पात्र असणे आणि निवडले जाणे या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. पात्रतेचे निकष जाहिरातीत दिलेले असतात आणि ते पूर्ण झाले की अर्ज छाननीतून पुढे सरकतो; त्यांचा उपयोग एवढाच. त्यानंतर निवड समितीसमोर येणारे सगळेच अर्ज पात्र उमेदवारांचे असतात आणि त्यांतील बहुतेकांचे गुणही उत्तम असतात. त्यामुळे समिती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधत असते : हे संशोधन, या विद्यार्थ्याकडून, या विभागात, या मार्गदर्शकाच्या हाताखाली, ठरलेल्या मुदतीत पुरे होईल का? अर्जातील प्रत्येक कागदाने या प्रश्नाच्या उत्तरात काही ना काही भर घातली पाहिजे. असे कागद पोर्टल उघडल्यानंतरच्या धावपळीत तयार होत नाहीत; त्यांची जुळवाजुळव निदान वर्षभर आधी सुरू करावी लागते.

येथे पीएचडी आणि संशोधनावर आधारलेली पदव्युत्तर पदवी यांचाच विचार केला आहे. वर्गातील अध्यापनावर भर असलेल्या अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्यांचे गणित निराळे असते. उदाहरणार्थ, ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्स अभ्यासक्रमांसाठी आहे. पीएचडीसाठी तिच्या नियमांचा अभ्यास करणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

पैसा कोठून येतो, हे आधी पाहावे

अर्ज कोणाकडे, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचा हे पैसा कोणाचा आहे यावरून ठरते. म्हणून शिष्यवृत्त्यांची लांबलचक यादी करण्याआधी त्यांचे प्रकार ओळखणे फायद्याचे ठरते.

पहिला प्रकार विद्यापीठांमार्फत दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या २००१ मध्ये सुरू झालेल्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्जच नसतो. डिसेंबर किंवा जानेवारीतील ठरलेल्या मुदतीत प्रवेशाचा अर्ज पोहोचला की उमेदवाराचा विचार आपोआप होतो. म्हणजेच प्रवेशासाठी लिहिलेला प्रत्येक शब्द हाच शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, आणि ज्याला हे ठाऊक नसते तो प्रवेशाचा अर्ज उरकून शिष्यवृत्तीच्या फॉर्मची वाट पाहत बसतो. केंब्रिजची गेट्स शिष्यवृत्ती २००० मध्ये स्थापन झाली आणि ती ब्रिटनबाहेरील नागरिकांसाठी आहे. तिच्यासाठी प्रवेशाच्याच पोर्टलवर जास्तीचा भाग भरावा लागतो, आधी विभाग उमेदवारांची क्रमवारी लावतात आणि त्यातून निवडलेल्यांनाच मुलाखतीला बोलावले जाते. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम ही सरकारी योजना लागू आहे. पैसा केंद्र सरकारचा असला तरी उमेदवार निवडतात विद्यापीठेच, त्यामुळे एकाच योजनेसाठी प्रत्येक विद्यापीठाच्या तारखा आणि गुणांकनाची पद्धत वेगळी असते. ही शिष्यवृत्ती पीएचडीसाठी जास्तीत जास्त चार वर्षे आणि संशोधनाधारित मास्टर्ससाठी दोन वर्षे मिळू शकते.

दुसरा प्रकार सरकारे आणि प्रतिष्ठाने यांच्या योजनांचा. १९२५ मध्ये स्थापन झालेली जर्मनीची डाड ही संस्था, १९४६ मधील अमेरिकेचा फुलब्राइट कार्यक्रम, १९५९ मध्ये योजलेली राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि जपानच्या शिक्षण मंत्रालयाची मेक्स्ट शिष्यवृत्ती ही त्यांतील परिचित नावे. या योजनांत प्रवेश आणि शिष्यवृत्ती या दोन स्वतंत्र प्रक्रिया असू शकतात आणि त्यांचा क्रम योजनेगणिक बदलतो. डाडच्या संशोधन अनुदानासाठी जर्मनीतील प्राध्यापकाचे संमतिपत्र अर्जासोबतच जोडावे लागते. उलट मेक्स्टसाठी दूतावासामार्फत अर्ज करणाऱ्याने पहिल्या फेरीत उत्तीर्ण झाल्यानंतर विद्यापीठांकडे तात्पुरत्या स्वीकृतिपत्राची मागणी करायची असते. एका योजनेचा अनुभव दुसरीला जसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

तिसऱ्या प्रकारात शिष्यवृत्ती हा शब्दच वापरला जात नाही, आणि म्हणूनच अनेकांच्या नजरेतून तो निसटतो. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे येथे पीएचडीचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जर्मनीत संशोधन प्रकल्पांवर पूर्ण पदाच्या ५० किंवा ६५ टक्के अशा हिश्श्याने नेमणुका होतात. स्वीडनमध्ये तर चार वर्षांच्या पूर्ण काळाची आर्थिक तरतूद झाल्याची खात्री पटल्याशिवाय डॉक्टरेटला प्रवेशच दिला जात नाही. अशा जागा नोकरीच्या जाहिरातींसारख्या वर्षभर निघत राहतात, विषय बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो आणि अर्जदाराने स्वतःचा नवा विषय मांडण्यापेक्षा दिलेल्या कामासाठी आपण कसे योग्य आहोत हे दाखवायचे असते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधील जागाही याच धर्तीच्या आहेत.

अमेरिकेतील पद्धत यांपैकी कशातच नीट बसत नाही. तेथे पीएचडीचा प्रवेश देतानाच विभाग शुल्कमाफी आणि अध्यापन-साहाय्य किंवा संशोधन-साहाय्य यांच्या बदल्यात विद्यावेतन देऊ करतो. जीवशास्त्रासारख्या अनेक शाखांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक निवडला जातो, त्यामुळे अर्जात नेमका आराखडा मागितला जाईलच असे नाही.

प्रकार कळला, की प्रत्येक योजनेत नेमके काय मिळते हे तपासावे. शिक्षणशुल्क, राहण्याखाण्यासाठी विद्यावेतन, आरोग्य विमा, प्रवासखर्च, क्षेत्रभेटी किंवा प्रयोगसाहित्याचा खर्च ही वेगवेगळी खाती आहेत. केवळ शुल्कमाफी मिळाली आणि विद्यावेतन नसले तर तीन-चार वर्षांचा निर्वाहखर्च स्वतः उभा करावा लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी निर्वाहाचे पैसे हाताशी असल्याचा पुरावाही द्यावा लागतो. 'पूर्ण शिष्यवृत्ती' या जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये; नियमावलीतील रकमांचा तक्ता पाहावा.

पात्रतेची छाननी

पात्रतेचे नियम कंटाळवाणे असतात, पण अर्ज बाद होण्याची सर्वांत स्वस्त कारणे तिथेच दडलेली असतात. नागरिकत्व आणि पूर्वीची पदवी हे निकष सहसा सर्वांच्या लक्षात येतात. निवासाची आणि काळाची बंधने मात्र राहून जातात. क्युरी नेटवर्कचा नियम असा आहे, की नेमणुकीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत उमेदवाराने यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ वास्तव्य किंवा मुख्य काम केलेले नसावे, आणि त्याच्याकडे आधीची डॉक्टरेटही नसावी. ज्या देशात मास्टर्स पूर्ण केले त्याच देशातील जागेसाठी अर्ज करणारा विद्यार्थी या एका अटीमुळे बाहेर पडू शकतो, मग त्याचे काम कितीही चांगले असो. ब्रिटनमधील संशोधन परिषदांच्या निधीतून मिळणाऱ्या पीएचडीच्या जागा २०२१ पासून सर्व देशांच्या विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या, परंतु परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. म्हणजे तेथे पात्रता सारखी असली तरी स्पर्धा सारखी नसते.

गुणांच्या रूपांतराचा मुद्दा थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. जर्मन विद्यापीठे परदेशी गुण आपल्या श्रेणीत आणण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातील फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. तेथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही काठावर उत्तीर्ण होण्याची श्रेणी. समजा, कमाल गुण १००, मिळालेले ७० आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० आहे, तर श्रेणी २.५ येते. तेच ७० गुण, पण उत्तीर्णतेची मर्यादा ५० धरली, तर श्रेणी २.८ होते. जेथे किमान २.५ ची अट असते तेथे एवढ्या फरकाने दार उघडते किंवा बंद होते. म्हणून आपल्या विद्यापीठाची उत्तीर्णतेची मर्यादा आणि श्रेणीपद्धती स्पष्ट सांगणारे अधिकृत पत्र गुणपत्रकासोबत जोडावे. ते नसले तर तपासणारा आपल्या अंदाजाने आकडा धरतो. ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथील विद्यापीठे उमेदवाराची पदवी प्रथम श्रेणीतील ऑनर्सशी समतुल्य आहे का हे पाहतात, आणि त्यात केवळ टक्केवारी नव्हे तर अभ्यासक्रमात संशोधन-प्रबंधाचा वाटा किती होता हेही पाहिले जाते. लघुप्रबंध लिहिला असेल तर त्याचे श्रेयांक, शब्दसंख्या आणि मिळालेली श्रेणी अर्जात ठळकपणे नोंदवावी.

भाषेच्या परीक्षांबाबत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे : आयईएलटीएस आणि टोफेल यांचे निकाल दोन वर्षे ग्राह्य धरले जातात, तेव्हा परीक्षा इतकी आधीही देऊ नये की प्रवेशाच्या वेळी निकाल शिळा झालेला असेल.

मार्गदर्शकाला पहिले पत्र

अमेरिकेतील काही शाखा आणि जाहिरात दिलेल्या पगारी जागा सोडल्या, तर मार्गदर्शकाची अनुकूलता ही अर्जातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असे माझे मत आहे. अनेक विद्यापीठांत शिष्यवृत्तीसाठी विभागाने नावाची शिफारस करावी लागते आणि विभागाच्या बैठकीत एखाद्या उमेदवाराची बाजू मांडणारा माणूस म्हणजे त्याचा भावी मार्गदर्शक. त्याला उमेदवाराचे नाव पहिल्यांदा अर्जातच दिसले, तर तो त्याच्यासाठी बोलणार तरी काय?

प्राध्यापकांच्या टपालपेटीत रोज येणाऱ्या पत्रांतील बहुतेक पत्रे एकाच साच्यातली असतात : 'मी आपल्या थोर कार्याने प्रभावित झालो असून आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करण्याची माझी तीव्र इच्छा आहे; सोबत परिचयपत्र जोडले आहे.' हे पत्र कोणालाही पाठवता येते, आणि वाचणाऱ्याला तेच खटकते. याउलट उदाहरणादाखल हे पत्र पाहावे :

'झोपेच्या तुटीचा निर्णयक्षमतेवर होणारा परिणाम यावरील आपल्या गटाचे प्रयोग मी वाचले. त्यांतील सहभागी विद्यार्थी होते आणि मोजमाप प्रयोगशाळेत झाले होते. माझ्या लघुप्रबंधासाठी मी एका रुग्णालयातील रात्रपाळीच्या परिचारिकांच्या झोपेच्या नोंदी सहा आठवडे ठेवल्या. सलग पाळ्यांनंतर प्रतिक्रियेचा वेळ वाढल्याचे त्यांत दिसले, परंतु औषध देण्यातील चुकांशी त्याचा संबंध तपासण्याइतकी माहिती माझ्याकडे नव्हती. हा प्रश्न पीएचडीसाठी घ्यावा असा विचार आहे. पुढील वर्षी आपण नवे विद्यार्थी घेणार आहात का, आणि हा विषय आपल्या गटाच्या कामात बसतो का, हे जाणून घ्यायला आवडेल. एक पानाची रूपरेषा सोबत जोडली आहे.'

या पत्रात स्तुतीचा एकही शब्द नाही. लिहिणाऱ्याने काय वाचले, काय केले, कोठे अडला आणि त्याला काय हवे आहे, एवढेच आहे. आणि शेवटी असे दोन प्रश्न आहेत ज्यांचे उत्तर प्राध्यापक दोन ओळींत देऊ शकतात. उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, तरीही मौन असेल तर पुढे जावे. एकाच विभागातील पाच जणांना एकाच दिवशी तेच पत्र पाठवू नये, कारण ते एकमेकांच्या शेजारच्या खोल्यांत बसतात. होकार आला तर तो तोंडी न ठेवता पत्ररूपाने जपून ठेवावा, आणि आराखड्याचा कच्चा मसुदा त्यांना वाचायला देऊन सूचना मागवाव्यात.

संशोधन आराखडा

आराखड्याला साधारण एक ते पाच पानांची मर्यादा असते आणि अर्जाचा जीव त्यात असतो. तो वाचणाऱ्यांत विषयातला जाणकार एखादाच असतो. उरलेले सदस्य शेजारच्या किंवा अगदी दूरच्या शाखांतील असतात. पहिला परिच्छेद रसायनशास्त्रज्ञाला आणि इतिहासकारालाही समजला पाहिजे, आणि कार्यपद्धतीचा भाग मात्र जाणकाराच्या कसोटीला उतरला पाहिजे, हे दोन्ही साधणे अवघड आहे. त्यामुळे आराखडा एका बैठकीत लिहून होत नाही.

बहुतेक कच्च्या आराखड्यांत विषय असतो, प्रश्न नसतो. 'परिचारिकांमधील झोपेच्या समस्यांचा अभ्यास' हा विषय झाला. त्यावर काहीही लिहिता येईल आणि तो कधी संपला हे कोणालाच सांगता येणार नाही. 'सलग तीन किंवा अधिक रात्रपाळ्यांनंतर औषध देण्यातील चुकांचे प्रमाण वाढते का, आणि पाळ्यांच्या दोन गटांमध्ये ४८ तासांची विश्रांती ठेवल्यास ते कमी होते का?' हा प्रश्न झाला. त्यातून काय मोजायचे, कोणाचे मोजायचे, तुलना कशाची करायची हे आपोआप ठरते. शिवाय उत्तर 'नाही' आले तरी ते उपयोगी ठरते, हेही वाचणाऱ्याला जाणवते. उत्तर 'होय' आले तरच ज्या प्रबंधाला अर्थ उरतो, त्यावर तीन वर्षांचा पैसा लावायला समिती कचरते.

प्रश्नानंतर आधीच्या संशोधनाचा आढावा येतो, आणि येथे पाल्हाळ लावण्याचा मोह होतो. वाचलेल्या प्रत्येक लेखाची हजेरी घेण्याची गरज नाही. आतापर्यंत काय निश्चित झाले आहे, कशाबद्दल मतभेद आहेत आणि आपला प्रश्न कोणत्या रिकाम्या जागेत बसतो, एवढे सांगणारे दोन-तीन परिच्छेद पुरेसे असतात. 'या विषयावर आजवर संशोधनच झालेले नाही' हे वाक्य शक्यतो टाळावे. ते क्वचितच खरे असते, आणि खरे असले तर न होण्याचे कारण काय, असा प्रश्न समिती लगेच विचारते.

कार्यपद्धतीत खरी परीक्षा असते ती तपशिलाची. 'मुलाखती आणि सर्वेक्षण यांद्वारे माहिती गोळा केली जाईल' असे मोघम लिहिण्याऐवजी किती जणांकडून, कोणत्या निकषाने निवडून, कोणत्या परवानगीने आणि कोणत्या साधनाने, हे लिहावे. वरील उदाहरणात रुग्णालयाकडील चुकांच्या नोंदी मिळणे ही कळीची बाब आहे; त्या नोंदी उघड करायला कोणतेही रुग्णालय सहजासहजी तयार होणार नाही. तेव्हा त्यांच्याशी बोलणी कोठवर आली आहेत, नैतिक मान्यतेला किती महिने धरले आहेत, आणि नोंदी नाकारल्या गेल्या तर कृत्रिम वातावरणातील सराव-चाचणीवर अभ्यास कसा उभा करता येईल, हे चार ओळींत सांगितले की अर्जदाराला कामाचा आवाका कळला आहे याची खात्री पटते. मानव्य शाखांतही हेच लागू होते, फक्त तेथे प्रयोगाच्या जागी दफ्तरखाना असतो : कोणत्या संग्रहातील कोणती कागदपत्रे, ती खुली आहेत का, कोणत्या लिपीत आहेत आणि ती लिपी आपल्याला वाचता येते का?

वेळापत्रक वर्षांचे नव्हे, सहामाहीचे करावे, आणि लेखनासाठी शेवटचे काही महिने मोकळे ठेवावेत. शिष्यवृत्तीची मुदत साडेतीन वर्षांची असताना आराखडा पाच वर्षांचा असेल, तर त्याची गुणवत्ता पाहण्याआधीच तो मागे पडतो. अर्जदारांना वाटते की मोठा, महत्त्वाकांक्षी आराखडा समितीवर छाप पाडतो. समितीला मात्र अर्धवट सुटलेल्या पीएचडींचा चांगलाच अनुभव असतो.

शेवटचा, बहुतेकांकडून गाळला जाणारा भाग म्हणजे 'येथेच का?' याचे उत्तर. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीचा उल्लेख हे त्याचे उत्तर नव्हे. विशिष्ट उपकरण, विशिष्ट संग्रह, विशिष्ट रुग्णगट किंवा सहमार्गदर्शनासाठी दुसऱ्या विभागातील एखादी व्यक्ती, असे काहीतरी ठोस लिहावे. विद्यापीठाचे नाव बदलून तोच परिच्छेद दुसरीकडे चालत असेल, तर तो पुन्हा लिहावा.

शिफारसपत्रे

शिफारसपत्रे अर्जदाराच्या हातात नसतात, तरी ती चांगली यावीत यासाठी बरेच काही करता येते. नामवंत पण आपल्याला ओळखत नसलेल्या प्राध्यापकाच्या चार गोड ओळींपेक्षा लघुप्रबंधाच्या वेळी आपल्या चुका दुरुस्त केलेल्या साध्या अध्यापकाचे दोन पानांचे पत्र कितीतरी वजनदार ठरते. 'हुशार, मेहनती आणि नम्र' ही विशेषणे प्रत्येक पत्रात असतात. समिती शोधते तो प्रसंग आणि तुलना. यंत्र बिघडले तेव्हा विद्यार्थ्याने काय केले, त्याच्या विश्लेषणातील कोणती कल्पना स्वतःची होती, गेल्या काही वर्षांत शिकवलेल्या विद्यार्थ्यांत त्याचे स्थान कोठे आहे, अशा गोष्टी ज्याला सांगता येतील त्यालाच विनंती करावी.

विनंती मुदतीच्या निदान सहा आठवडे आधी करावी आणि विचारताना नकाराला वाव ठेवावा : 'माझ्या संशोधनक्षमतेविषयी आपण सविस्तर लिहू शकाल का?' होकार मिळाल्यावर आराखडा, परिचयपत्र, गुणपत्रक, योजनेचे निकष आणि मुदत हे सगळे एकत्र पाठवावे. आपण त्यांच्याकडे केलेल्या कामाची आठवण करून देणारी अर्ध्या पानाची टिपणेही द्यावीत. व्यग्र माणसाला ती हवीच असतात. पत्राचा मसुदा मात्र स्वतः लिहून सहीला नेऊ नये. तशी प्रथा काही ठिकाणी रूढ आहे हे खरे, पण एकाच अर्जातील दोन पत्रे एकाच हाताने लिहिलेली असली की वाचणाऱ्याच्या ते लक्षात येते. आणखी एक तांत्रिक बाब : पोर्टलवरून शिफारसकर्त्याला जाणारा ईमेल अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडतो, त्यामुळे तो पोहोचला की नाही याची विचारणा दुसऱ्या दिवशी करावी. शिफारसपत्राची मुदत अर्जाच्या मुदतीआधीची आहे की नंतरची, हेही योजनेगणिक बदलते.

बाकीचे कागद आणि सादरीकरण

परिचयपत्रात संशोधनाशी संबंधित नोंदी पहिल्या पानावर असाव्यात. प्रकाशित लेख, स्वीकृत लेख आणि परीक्षणासाठी पाठवलेले लेख यांची सरमिसळ करू नये. 'परीक्षणाधीन' लेखाला 'प्रकाशित' म्हटले आणि ते उघडकीला आले, तर उरलेल्या अर्जावरचा विश्वासही जातो. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतील लेखांनी यादी फुगवण्यापेक्षा लेख नसलेला बरा. अमेरिकेत मागितले जाणारे उद्देशपत्र म्हणजे आत्मचरित्र नव्हे. बालपणीच्या कुतूहलापासून सुरुवात न करता शेवटच्या केलेल्या संशोधनापासून करावी.

गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि अधिकृत भाषांतरे यांना वाटते त्याहून जास्त वेळ लागतो. पारपत्रावरील नाव आणि पदवीवरील नाव यांत फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नये, आणि मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे हे पाहावे. दुपारी बाराला बंद होणारे पोर्टल मध्यरात्रीपर्यंत चालेल असे गृहीत धरणारे दरवर्षी निघतातच. काही विद्यापीठे प्रवेशअर्जासाठी शुल्क घेतात आणि आर्थिक अडचण असल्यास ते माफही करतात, त्यासाठी मात्र मुदतीच्या बरेच आधी विनंती करावी लागते. मंजूर झालेली शिष्यवृत्ती हातात देण्यासाठी 'प्रक्रिया शुल्क' मागणारा ईमेल आला, तर तो फसवणुकीचा आहे असे समजावे.

मुलाखत

मुलाखत बहुधा पंधरा ते तीस मिनिटांची आणि अनेकदा व्हिडिओवरून होते. पाठ केलेले भाषण पहिल्या आडव्या प्रश्नाला कोलमडते. त्यापेक्षा आराखड्यातील स्वतःलाच सर्वांत कच्चा वाटणारा भाग कोणता, हे शोधून त्यावर बोलण्याची तयारी करावी, कारण प्रश्न तिथेच येतो. 'अपेक्षित माहिती मिळाली नाही तर?', 'हीच पद्धत का?', 'विषयाबाहेरच्या माणसाला याचे महत्त्व दोन मिनिटांत सांगा' हे प्रश्न बहुतेक समित्या या ना त्या शब्दांत विचारतात. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून ते कसे शोधता येईल हे बोलावे. परीक्षकांना भावी संशोधकाकडून नेमके तेच ऐकायचे असते. मार्गदर्शकाचे अलीकडचे दोन-तीन लेख वाचलेले असणे ही किमान अपेक्षा आहे.

निकालानंतर

नकार आला तर अभिप्राय मिळतो का, हे विनयाने विचारावे. मोठ्या योजना बहुधा तो देत नाहीत, पण मार्गदर्शक सांगू शकतात, की अर्ज विभागाच्या पातळीवर अडला की विद्यापीठाच्या. या दोन्हींचे उपाय निराळे आहेत : विभागातच मागे पडलेल्याने विषय आणि मार्गदर्शक यांचा फेरविचार करावा, विद्यापीठाच्या क्रमवारीत थोडक्यात हुकलेल्याने तोच आराखडा राखून वर्षभरात एखादा लेख किंवा संशोधन-साहाय्यकाचे काम पदरात पाडून घ्यावे. मार्गदर्शकांच्या स्वतःच्या प्रकल्पनिधीतून मिळणाऱ्या जागा वर्षाच्या मधल्या काळातही निघतात, त्यामुळे संपर्क तोडू नये.

होकार आला तर सही करण्याआधी अटींचे पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावे. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, दरवर्षी नूतनीकरणासाठी प्रगतीचा कोणता अहवाल द्यावा लागतो, आजारपणाची आणि प्रसूतीची रजा सवेतन आहे का, किती तास नोकरी करता येते आणि मुदत संपून प्रबंध बाकी राहिला तर विद्यावेतनाला वाढ मिळते का, हे पाहावे. दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेता येतील असे गृहीत धरू नये. ऑस्ट्रेलियाच्या वर उल्लेखिलेल्या योजनेत निर्वाहासाठी इतर मार्गाने मिळणारे उत्पन्न विद्यावेतनाच्या ७५ टक्क्यांहून अधिक असेल तर विद्यावेतन मिळत नाही. उद्योगसंस्थेच्या पैशातून शिष्यवृत्ती असेल तर शोधांची मालकी आणि प्रबंध प्रकाशित करण्याची मुभा यांविषयीची कलमे विद्यापीठाच्या कार्यालयाकडून समजावून घ्यावीत. मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेले तर निधी विद्यार्थ्याबरोबर जातो की विभागाकडे राहतो, हाही प्रश्न लेखी विचारून ठेवावा, कारण तीन-चार वर्षांत असे घडणे मुळीच दुर्मीळ नाही.

हातात दोन होकार असतील तर निर्णयाची घाई करण्याचे कारण नसते. अमेरिकेतील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावाला मान्यता दिलेली विद्यापीठे आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रस्तावाचे उत्तर १५ एप्रिलच्या आधी देण्याची सक्ती करीत नाहीत. अन्यत्र मुदत कमी असू शकते, पण मुदतवाढ मागितली तर ती पुष्कळदा मिळते. निर्णय झाला की सोडायच्या जागेला त्याच दिवशी लेखी नकार कळवावा, म्हणजे प्रतीक्षायादीतील पुढच्या उमेदवाराला ती जागा त्याच्या इतर मुदती उलटण्याआधी देता येते, आणि शिफारसपत्रे लिहिणाऱ्यांनाही निकाल कळवावा.